पर्वत पाटियाच्या ऑफिसाची मोजणी

सरकारी ऑफिसात फाईल हलवायला माणूस लागतो, किस्सा मात्र स्वतःच्या पायांनी या टेबलावरून त्या टेबलावर जातो! त्यात आमच्याकडे काम मोजायची मशीनं आली, मग तर किस्स्यांना ऊतच आला. परवा मैत्रिणींना एक सांगायला घेतला, तर त्याच्यामागून दुसरा, दुसऱ्यामागून तिसरा. शेवटी एक जण म्हणाली, "सुनीता, लिहून काढ बाई, भाकरी गार व्हायला लागली." म्हणून लिहायला बसले.

आधी थोडी ओळख करून देते. मी सुरतची. म्हणजे आईबाबा शिंदखेड्याकडचे, बाबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले आणि मी इथेच जन्मले. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, भांडायला हिंदी! नोकरी राज्य सरकारच्या दाखल्यांच्या ऑफिसात. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, कुठलाही दाखला मागा. मोठं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, आमची पर्वत पाटियाची शाखा लहान. शहरातल्या माणसानं दोन्हींपैकी कुठेही जावं, चालतं. शाखेचे प्रमुख देसाईसाहेब, बारडोलीचे, घरचा ऊस, बोलणंही तसंच. माझ्या शेजारच्या काउंटरवर हितेशभाई. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंडाला कुलूप नाही.

तर एक दिवस देसाईसाहेब मीटिंगहून तोंड पाडून आले. गांधीनगरला ठरलं होतं की प्रत्येक ऑफिस किती काम करतं, किती झटपट करतं, लोक खूश आहेत की नाहीत, हे सगळं मशीननं मोजायचं. ज्या लहान शाखेचे आकडे पडतील, ती बंद करून मोठ्या ऑफिसात मिसळायची.

माझं डोकंच फिरलं. अहो, लूमवरचा माणूस शिफ्ट सुटली की डोळे चोळत चालत आमच्याकडे येतो, काम उरकतो आणि घरी जाऊन झोपतो. त्याला शहराच्या त्या टोकाला पाठवलात तर त्याचा खाडा पडणार. मग तो जातच नाही, आणि पोरीची फी माफ व्हायची ती राहून जाते. माझ्या बाबांनी असे दाखले सोडून दिलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. आमची शाखा काही झालं तरी बंद होऊ द्यायची नाही, असं मी त्या दिवशीच ठरवलं.

*

पहिलं आलं ते टोकनचं मशीन. बटण दाबा, नंबराची चिठ्ठी घ्या, बाकावर बसा. जितकी टोकनं, तितकं ऑफिसचं काम.

आता पोटासाठी इकडे आलेल्या आमच्या मराठी लोकांची एक रीत आहे. सरकारी ऑफिसात एकट्यानं जायचं नाही! ज्याचं काम तो, त्याची बायको, मेव्हणा, बरं बोलणारा शेजारी, आणि ज्याला आधी दाखला मिळालाय असा एक अनुभवी गृहस्थ. हे सगळे रांगेत उभे राहून एकेक टोकन घ्यायचे. मी एकाला विचारलं, "दादा, काम एक आणि टोकनं इतकी कशाला?" तर म्हणतो कसा, "ताई, नंबर कुणाचाबी लागू दे, काम तर आपलंच आहे ना!"

महिन्याअखेरीला आकडे आले आणि आमची चिमुकली शाखा सगळ्यांच्या पुढे! देसाईसाहेबांनी बारडोलीहून ताजा गूळ आणून वाटला. गांधीनगरहून फोन आला, एवढ्या लोकांना तुम्ही सांभाळता तरी कसे? साहेब नम्र होऊन म्हणाले, "टीमवर्क, सर."

हितेशभाई मागून हळूच म्हणाला, "साहेब, टीम तर त्यांची आहे!"

देसाईसाहेब सरळ माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली, एका कामाला एकच टोकन. आमचे आकडे धाडकन खाली आले.

*

मग आली बटणं. प्रत्येक काउंटरवर दोन, एक हिरवं, एक लाल. वर गुजरातीत लिहिलेलं की काम झाल्यावर समाधान असेल तर हिरवं दाबा, नसेल तर लाल. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. पण हे कुणाच्या लक्षात येणार!

आठवड्याभरात गांधीनगरहून विचारणा आली. तुमच्या शाखेत सगळ्यांत जास्त लोक नाराज आहेत, तुम्ही लोकांशी भांडता काय? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडते, नाही असं नाही. पण सगळ्यांशी नाही हो!

दुसऱ्या दिवशी एक लूमवाला भाऊ आला. पोराच्या ॲडमिशनसाठी जातीचा दाखला हवा होता. दाखला हातात पडला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हितेशभाईला हात जोडले, मला हात जोडले, वरच्या पंख्यालासुद्धा जोडले असते. आणि जाता जाता लाल बटण दाबून गेला!

हितेशभाई काउंटरवरून उठून त्याच्या मागे धावला. "अरे भाई, आम्ही तुझं काय वाईट केलं? लाल का दाबलं?"

तो बिचारा घाबरला. म्हणाला, "वाईट कुठं साहेब? काम झालं ना! मग बंद करायला नको? चालूच ठेवून कसं जायचं?"

लूमच्या मोटरला हिरवं बटण चालू करायचं, लाल बंद करायचं! जन्मभर तेच दाबलेलं बोट दुसरं काय दाबणार? जितके जास्त खूश, तितके जास्त लाल! आणि मी लूमवाल्याची मुलगी असून माझ्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मग बरोबरच केलं त्यानं. लाइट फुकट जाळायची का?"

त्यावर उपाय म्हणून हितेशभाईनं बटणांशेजारी दोन चेहरे काढून चिकटवले, एक हसरा, एक रडका. त्याची चित्रकला अशी, की एका आजोबांनी दोन्ही चेहरे नीट निरखून विचारलं, "यातला बरा कोण झाला?"

*

तिसरं आलं घड्याळ. टोकनचा नंबर पुकारला की काउंटरवरचं घड्याळ सुरू, काम संपलं की बंद. ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला की ते टीं टीं करायचं. हितेशभाईचा काउंटर नेहमी शांत, माझा मात्र टीं टीं.

कारण आमच्या आज्या! एक आजी पेन्शनसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आल्या. मी कागद मागितले. त्यांनी पिशवीला हातही लावला नाही, आधी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुन्हं गाव कोनतं शे वं माय?"

मी म्हटलं, शिंदखेडा. झालं! त्यांचं माहेर आमच्या शेजारच्या गावचं निघालं. मग माझ्या आत्याचं सासर निघालं, आत्याच्या नणंदेचं लग्न निघालं, त्या लग्नात वरणात मीठ नव्हतं तेही निघालं. घड्याळ आपलं टीं टीं करतंय. मी काकुळतीला येऊन म्हटलं, "आजी, घड्याळ चालू आहे हो."

आजींनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. "मंग चालू दे ना त्याले. आपलं काय लेस ते?" आपलं ते काय घेतंय, म्हणे!

आणि खरी गंमत पुढेच. एवढ्या गप्पांनंतर पिशवी उघडली, तर रेशनकार्ड घरीच राहिलेलं! म्हणजे आजींना दुसरी फेरी. त्या काठी टेकत उठल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं. घड्याळानं माझा वेळ मोजला होता, त्यांची फेरी कुठेच मोजली नव्हती.

हितेशभाई म्हणाला, "सुनीताबेन, एक काम करा. नातं बाहेर काढा, दाखला आत काढा!"

तो बोलला थट्टेत, पण देसाईसाहेबांनी ते उचलून धरलं. दाराबाहेर कडुलिंबाच्या सावलीत टेबल मांडलं. टोकन घेण्याआधी तिथे बसायचं, कागद दाखवायचे, काय राहिलं ते कळलं की घरी फोन करून मागवायचं, आणि सगळं जमलं की मगच आत. आळीपाळीनं आमच्यातलं एक जण बाहेर बसणार. गप्पाही तिथेच, घड्याळ नाही, टीं टीं नाही!

*

टेबलाचा गुण असा आला की लोकांचं काम एका फेरीत व्हायला लागलं. आणि त्यातून नवीनच भानगड उभी राहिली.

एक गवंडीकाम करणारे विदर्भातले भाऊ सकाळी आले आणि दुपारी रहिवासाचा दाखला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी हजर! सोबत बायको, मेव्हणा, शेजारी आणि तो अनुभवी गृहस्थ. मला वाटलं नावात चूक झाली. भाऊ नुसते पाय बदलत उभे. शेवटी मेव्हण्यानं दाखला काउंटरवर ठेवला आणि दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, हा खरा आहे ना?"

देसाईसाहेब आतून उठून आले. दाखला उजेडात धरला, सही दाखवली, शिक्का दाखवला. "असली छे भाई, एकदम असली!"

मेव्हण्याचं समाधान होईना. "मग साहेब, उशीर का नाही झाला?"

यावर कुठल्याच परिपत्रकात उत्तर नाही. साहेब त्याच्याकडे बघतच राहिले आणि मग खदखदून हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

*

पण हसणं फार दिवस टिकलं नाही. जो माणूस आधी तीन फेऱ्या मारायचा तो एकदाच यायला लागला, म्हणजे टोकनं घटली. मशीनला काय कळतं? त्याच्या हिशेबानं आमच्याकडे कामच उरलं नव्हतं. निरोप आला की गांधीनगरहून एक मॅडम स्वतः येतील, शाखा बघतील आणि ठेवायची की मोठ्या ऑफिसात मिसळायची ते ठरवतील.

मॅडम यायच्या त्या दिवशी आमचं नशीब बघा. दाखल्यांचा मोसम सरलेला, सगळ्यांची कामं झालेली, आणि हॉलमध्ये चिटपाखरू नाही! हितेशभाई घाबरून म्हणाला, "साहेब, आमच्या सोसायटीतून माणसं बोलावू? नुसती बसतील."

"नाही," साहेब म्हणाले. "खोटी गर्दी नको. जे आहे ते दिसू दे."

मॅडम आल्या. बाई शिष्ट नव्हती, उलट शांत होती, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. हितेशभाई बाहेर टेबलापाशी बसला होता, आत साहेब आणि मी. मॅडमनी टोकनचं मशीन पाहिलं, बटणं पाहिली, रिकामे बाक पाहिले. बोलणं गुजरातीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

"लोक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

मला राहवलं नाही. "घरी आहेत मॅडम! काम होऊन घरी गेलेत. काहींचं तर जेवण होऊन झोपही झाली असेल!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बेन, तुमचं म्हणणं मला पटतं. पण मला वर उत्तर द्यावं लागतं. मोठ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नाही आणि इथे पंखे भिंतींना वारा घालतायत. ही शाखा हवी, असं मी कशावरून लिहू?"

उद्यापासून आमच्या लोकांना शहराच्या त्या टोकाला पाठवायचं, हेच डोक्यात घोळायला लागलं. मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि टोपण उघडलं.

तेवढ्यात टोकनची घंटा वाजली. नंबर पुकारला गेला आणि पांढऱ्या शर्टातला एक माणूस कागद सांभाळत आत आला. मॅडमना बघून जागच्या जागी थिजला.

मॅडम म्हणाल्या, "रमणभाई? तुम्ही इथे काय करताय?"

हा त्यांचाच ड्रायव्हर! त्यांना स्टेशनवरून आणायला मोठ्या ऑफिसानं गाडी दिली होती, तिच्यावरचा.

"मॅडम, माफ करा. मुलीच्या कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. तुमचं काम चाललंय तोवर म्हटलं..."

"पण तुम्ही तर मोठ्या ऑफिसातच नोकरीला आहात. तिथे सगळे तुमच्या ओळखीचे."

"तेच तर ना, मॅडम! तिथे सगळे ओळखीचे. प्रत्येक जण म्हणतो, रमणभाई, तू तर घरचा माणूस, तुझं उद्या करू." त्यानं माझ्याकडे बघून अंग चोरलं. "इथे मला कुणी ओळखत नाही. म्हटलं, आजच होऊन जाईल."

मी त्याच्या हातातले कागद घेतले. सगळे बरोबर होते.

रमणभाई गडबडीनं मॅडमकडे वळला. "तुमचं आटपलं असेल तर गाडी काढू?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि बाकावर जाऊन बसल्या.

"आधी तुमचं होऊ द्या," त्या म्हणाल्या. "मला बघायचंय."