दोष मिरचीचा

सव्वा महिना झाला. सकाळी शोभावहिनींचा फोन आला. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. प्रल्हाद माझा शाळेपासूनचा मित्र. मंगरूळपीरजवळ दीड एकरात भाजी पिकवायचा. त्या फोनपासून मी घटनाक्रम लावून पाहतो आहे. बातमीदाराचं ते रोजचं काम. पण तो लागत नाही...

बाजारात गिऱ्हाइकानं "तिखट आहे का?" विचारलं की प्रल्हाद स्वतः मिरची चावून दाखवायचा. "डोयात पानी आलं तं पैसे, नाही तं फुकट!" त्यामुळे गालाच्या आत जखम झाली तेव्हा दोष मिरचीवर गेला. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यानं आधीच सोडला होता, म्हणून दुसरी शंका कोणाला आली नाही. त्यानं मिरची उपटून मेथी लावली. तोंडातली आग थोडी कमी झाली. सगळ्यांना पुरावा मिळाल्यासारखं वाटलं. मलाही.

त्याच दिवसांत बांधावर त्यानं मला तोंड उघडून दाखवलं. ते पुरतं उघडत नव्हतं. आत पांढरट चट्टा होता. "पाह्य बे पेपरवाल्या, काय वाटते तुले?" मी म्हणालो, "मले काय समजते त्यातलं?" तो म्हणाला, "मंग रोज दुनियेले कायले शिकवून राह्यला?" दोघंही हसलो. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर डॉक्टरांना दाखवा, ही ओळ मी स्वतः छापली होती. ती तेव्हा आठवली नाही, की आठवूनही बोललो नाही... आज नक्की सांगता येत नाही.

जखमेचा तुकडा काढून तपासला तोवर कॅन्सर गळ्यापर्यंत पोचला होता. "जखम केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, पोळ्यापासून. प्रल्हाद म्हणाला, तूर सोंगल्यावर, म्हणजे कापणीनंतर. मी मेथी लावल्याचा महिना सांगितला. त्यांनी कागदावर कोणतं उत्तर लिहिलं, मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या घरी गेलो. न्हाणीच्या भिंतीवर प्रल्हादचा दाढीचा आरसा आहे, त्याच्या उंचीला लावलेला. वहिनी पाटावर चढून, गाल बोटानं ओढून, त्यात पाहत होत्या. "भाऊ, पाहा बरं, हे काय व्हय?" तेच जुनं उत्तर माझ्या ओठांवर आलं. "चला," म्हणालो, आणि आम्ही वाशिमची बस धरली. डॉक्टर म्हणाले, दाताचं टोक लागतंय. ते घासून दिलं, पण पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं.

परतल्यावर विचारलं, "आरसा खाली घेऊन देऊ का?"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "त्यायनं ठोकला हाये."