मिक्सरताई आणि डब्यातली गाणी

मिक्सरताई कुणाशीही बोलताना त्याच्या पायांकडे पाहायची. नव्या माणसाला वाटायचं, ही लाजते आहे, किंवा आपल्या चपलेला काहीतरी लागलं आहे. तसं काही नसायचं. लग्नाच्या मांडवात डीजे वाजवून वाजवून तिला ती सवयच लागली होती. "तोंडाचं काही खरं नाही व," ती मला म्हणायची, "फोटोवाला समोर आला का तोंड हसते. गाणं पटलं का नाही, ते पायाच्या आंगठ्यावरून समजते."

पांढुर्ण्यात तिचं आणि आमचं घर एकाच गल्लीत. खरं नाव शालू. वडील मांडव घालायचे, थोरला भाऊ डीजे वाजवायचा. भावाला बोरगावच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि त्याचं सगळं सामान माजघरात चादरीखाली पडून राहिलं. शालू बी.ए. होऊन घरीच होती. एका दुपारी तिने ती चादर ओढून काढली. गल्लीत चार दिवस चर्चा झाली, दोन-तीन बायकांनी तिच्या आईला गाठून समजावलं. वडील मात्र एवढंच म्हणाले, "वाजव, पण उजेडात. दिवे लागाच्या आत गाडी घरी आली पाह्यजे."

म्हणून तिचा डीजे दिवसाचा. हळदी, डोहाळजेवणं, बारशी, दुपारच्या वराती. मला ती आठवते तीही नेहमी उन्हातच. गुलाबी कापडाच्या मांडवातून खाली उतरलेला गुलाबी उजेड, बाजूच्या वावरातून येणारा संत्र्याच्या बहराचा वास, आणि त्या उजेडात एका कानाला हेडफोन दाबून, मान खाली घालून उभी असलेली सडपातळ शालू. गाणं इतक्या जोरात असूनही तिच्याभोवती एक शांतता असायची. दुपारच्या झोपेत दूरवर कुणाचं तरी लग्न ऐकू यावं, तसे ते सगळे दिवस आता वाटतात.

'मिक्सरताई' हे नाव तिला एका डोहाळजेवणात पडलं. गाणी एकमेकांत जोडायचं यंत्र उतरवताना ती ओरडली, "मिक्सर कोठी ठेवू?" घरातल्या आजीने ते ऐकलं आणि भिजवलेल्या चण्याच्या डाळीचं पातेलं तिच्यापुढे आणून ठेवलं. शालू हसली नाही. तिने पातेलं उचलून स्वयंपाकघरात नेलं, घरच्या मिक्सरमधून डाळ काढून दिली आणि मग येऊन वाजवायला उभी राहिली. त्या दिवसापासून ती पांढुर्ण्याची मिक्सरताई.

तेव्हाच नागपूरकडून नवे डीजेवाले यायला लागले होते. ते घरूनच सगळी गाणी जोडून, तासा-दोन तासांचं एकसंध मिश्रण पेनड्राइव्हमध्ये भरून आणायचे. इथे येऊन बटण दाबायचं, डोळ्यांवर काळा चष्मा चढवायचा आणि हात हवेत हलवायचे. मिक्सरताई त्याला 'डबा' म्हणायची. वरात समोरून गेली की क्षणभर कान देऊन म्हणायची, "डबा आणला ह्याने." ते तिला कसं कळायचं हे मी विचारलं तर म्हणाली, "घोड्यावरून नवरदेव उतरून राहिला, अन् ह्याचं गाणं अजून चढूनच राहिलं. पाह्य ना."

मी सौंसरच्या शाळेत शिकवते. तिच्याशी वाद घालायला मला आवडायचं. मी म्हटलं, "अगं, घरून नीट तयारी करून आणलं तर बिघडलं कुठे? चुका होत नाहीत. लोकांना चांगलं ऐकायला मिळतं. वाजवणाऱ्याने तिथेच घाम गाळला पाहिजे असा नियम आहे का?"

ती केबल गुंडाळत होती. गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "तू वर्गात जाते तं पोरं कोण आले, कोण नाही आले, हे पाहते का नाही?"

"पाहते."

"कोणाचा चेहरा उतरला असंन तं?"

"तर विचारते."

"मंग झालं तं."

मला ते पटलं नव्हतं. पटलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या, मीनलच्या हळदीला.

आदल्या वर्षी आमचे बाबा गेले होते. आई हळदीला बाहेर येईना. सवाशिणींच्या कामात आपण नको, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. आम्ही दोघींनी हातापाया पडून पाहिलं, मावशी रागावून झाली. आई आतल्या खोलीत दाराला पडदा लावून बसली. अंगणात मीनल पाटावर बसली होती, तिचे डोळे सारखे त्या पडद्याकडे. बायका नाचत होत्या, पण सगळ्यांनाच ते जड जात होतं.

आई आत बसून आहे, हे मिक्सरताईला कुणी सांगितलं नव्हतं. पण पडद्याखालून आईची पावलं दिसत होती, आणि ती तिने पाहिली असणार. तिने चालू गाण्यातला गायकाचा आवाज हळूहळू मिटवत नेला. मग वाद्यं गेली. शेवटी नुसता ठेका उरला, ढोलकीसारखा, अगदी हलका. नाचणाऱ्या बायका थांबल्या आणि तिच्याकडे पाहायला लागल्या. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "मावश्यांनो, मशीनवर नाही वाजत ते हळदीचं जुनं गाणं. तुम्हालेच म्हणा लागंन."

म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींना ढोसलं. एकीने सूर काढला, बाकीच्यांनी उचलला. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात सासरच्या जागी माहेर आलं, तिसऱ्यात तर सगळ्या वेगवेगळंच काहीतरी म्हणायला लागल्या. मिक्सरताई ठेका धरून उभी. तो थांबेना, वाढेना. बायका चुकत होत्या, हसत होत्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या.

चौथ्या खेपेला पडदा सरकला. "अवं, तसं नाही ते!" आई दारात उभी राहून म्हणाली. "नवरीची आत्या येते तिथं. आत्या कोठी गेली तुमची?"

आणि आईने ते गाणं म्हटलं. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसरीला लागला. म्हणत म्हणत ती पाटापर्यंत आली. हळदीची वाटी कुणी तिच्या हातात दिली ते मला आठवत नाही. मीनलच्या गालाला तिचे हात लागले तेव्हा गाणं संपलेलं होतं, ठेका तेवढा चालू होता, आणि त्या दोघींभोवतीचं सगळं अंगण पिवळं होऊन तरंगत असल्यासारखं दिसत होतं.

नंतर मी मिक्सरताईचे हात धरले. ती म्हणाली, "मी काहीच नाही केलं व. थांबली फक्त."

पण जग तिच्यासारखं थांबणारं नव्हतं. सौंसरला एका लॉनवर संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा मोठा कार्यक्रम ठरला. नागपूरहून आलेल्या इव्हेंटवाल्याने मिक्सरताईलाच बोलावलं, कारण बायकांच्या कार्यक्रमाला बाई डीजे शोभून दिसते. मागे मोठा पडदा, त्यावर गाण्याबरोबर बदलणारी चित्रं, ठरल्या जागी धूर, ठरल्या जागी कागदी फुलांचा पाऊस. सगळं आधी जुळवलेलं, म्हणून गाणीही आधीच भरून हवी होती. "आप बस हाथ ऊपर करते रहिए, मॅडम," तो म्हणाला.

तिने ती गाणी खूप मन लावून जोडली. कितीतरी दुपारी माजघरात बसून ती तेच करत होती. आणि कार्यक्रम खरंच देखणा झाला. एका गाण्यातून दुसरं गाणं असं उमलत होतं की आपण कधी पलीकडे पोचलो ते कळू नये. बायका बेभान नाचल्या. नंतर तिच्याबरोबर फोटो काढायला रांग लागली. मी तिला म्हटलं, "शालू, एवढं सुंदर तू कधीच वाजवलं नव्हतंस."

"हाव," ती म्हणाली. "मलेही आवडलं. तेच तं."

"मग तोंड का पाडलंस?"

"मधात एक बाई लेकरू घेऊन स्पीकरसमोर आली. लेकरू दचकून दचकून रडून राहिलं होतं. आवाज कमी कराले माहा हात गेला, अन् ध्यानात आलं, कमी केला तं पुढचा धूर, फुलं, सारंच चुकते. म्हणून मी हात तसाच वर नेला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या."

तशी कामं नंतर बरीच आली. काही तिने घेतली, बरीचशी सोडली. मी आता तिला दोष देत नव्हते आणि शहाणपणही शिकवत नव्हते. ती ज्या दुपारी आमच्याकडे चहाला यायची, त्या दुपारी आम्ही नुसत्या ओट्यावर बसायचो. अशाच एका दुपारी तिने विचारलं, "तुझ्याकडे रातकिडे आहेत का व दिवसा?"

कुठेच रातकिडे नव्हते. ते तिच्या डाव्या कानात होते.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोठ्या आवाजाने कान गेला आहे, तो परत येणार नाही, दुसरा सांभाळा. स्पीकरजवळ उभं राहणं बंद. इव्हेंटवाल्याला हे कळलं तेव्हा तो स्वतः पांढुर्ण्याला आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, घरी बसून हलक्या आवाजात गाणी जोडून दे, आमची माणसं वाजवतील, नाव तुझंच राहील. घरच्यांना ते पटलं. मलाही पटलं. तिने विचार करते म्हणून सांगितलं, आणि कानात कापूस घालून तशीच वराती वाजवत राहिली.

सावरगावच्या एका लग्नाची वरात होती. जाम नदीच्या पुलावरून जायचं होतं. ऊन उतरणीला लागलेलं, नदीत पाणी थोडंसंच, पण त्यावर सगळी वरात उलटी चालताना दिसत होती. मी वऱ्हाडातच होते. मिक्सरताई गाडीवर उभी, नजर नाचणाऱ्यांवर. मागून रुग्णवाहिका आली. भोंगा वाजत होता, आम्हाला ऐकू येत होता, मागचे लोक हात हलवत होते. तिला ऐकू आला नाही. एरवी रुग्णवाहिका दूरच्या वळणावर असतानाच ती सगळं बंद करून गाडी कडेला लावायला सांगायची. आज एका माणसाने धावत येऊन गाडीच्या पत्र्यावर थापा मारल्या, तेव्हा तिने वळून पाहिलं.

आवाज थांबला. वरात दुभंगली. रुग्णवाहिका आमच्या मधून निघून गेली. आतली बाई दवाखान्यात पोचली, वाचली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तेव्हा पुलावर ते कुणाला ठाऊक नव्हतं. लोक म्हणाले, "झालं, झालं, चालू करा." मिक्सरताईने चालू केलं नाही. ती गाडीवरून उतरली आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

मी जवळ गेले. ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "मी त्या पेनड्राइव्हवाल्याइले हसत होती. त्याइले समोरचं आयकाचं नव्हतं. मले आयकूच येत नाही. फरक काय राहिला सांग? मीच डबा झाली ना."

"एकदा झालं, शालू."

"एक डाव पुरे असते."

उरलेली वरात ढोल-ताशावर गेली. तिने नवरदेवाच्या वडिलांना भेटून माफी मागितली आणि उजेड असतानाच घरी आली. सामान त्याच महिन्यात दुसऱ्या डीजेवाल्याकडे गेलं. वडिलांनी समजावलं, इव्हेंटवाल्याचा फोन आला. ती सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "जे मले समोर उभं राहून वाजवता येत नाही, ते मी दुसऱ्याच्या हातानं कशाले वाजवू?"

पुढे तिचं लग्न झालं. नवरा जामसांवलीच्या वाटेवर संत्र्याच्या कलमांची नर्सरी चालवणारा, कमी बोलणारा माणूस. लग्नात तिने डीजे ठेवला नाही, बँडही नाही. पाहुणे आधी चुकल्यासारखे उभे होते. मग हळूहळू मांडवात बांगड्यांचा आवाज ऐकू यायला लागला, पंगतीतल्या वाढप्यांचं बोलणं, कुठल्यातरी बाळाचं खिदळणं, मांडवाच्या कापडावर वाऱ्याची फडफड. पाठवणीच्या वेळी तिने मला मिठी मारली आणि उजव्या कानापाशी बोटाने खूण करून म्हणाली, "इकडून बोलत जा आता." त्यानंतर आमच्या भेटी कमी झाल्या. मी गेले की ती कलमांना पाणी घालत असायची आणि मी मुद्दाम तिच्या उजवीकडून चालायचे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या हळदीला ती आली. उजवा कानही आता मंदावलेला, त्यात ऐकायचं छोटं यंत्र, कपाळावर दोन-चार पांढरे केस. डीजेवाला परगावचा होता. पेनड्राइव्ह लावून तो खुर्चीत बसला होता आणि मोबाइल पाहत होता. मला वाटलं, ही आता उठून जाणार. ती बराच वेळ ऐकत बसली.

"बरं जोडलं व पोट्ट्यानं," ती म्हणाली. "घरी बसून मेहनत केली त्यानं."

मग तिने कानातलं यंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं, पदर खोचला आणि बायकांच्या घोळक्यात शिरली.

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणीही मिक्सरताईला नाचताना पाहिलं नव्हतं. तिने डोळे मिटले होते. ती गाण्याच्या जराशी मागे होती, दुसऱ्याच कुठल्यातरी संथ तालात, जो फक्त तिलाच लागत होता. शेजारच्या बाईचा आधी गोंधळ झाला, मग तिने मिक्सरताईची चाल धरली. मग तिच्या पलीकडचीने. दुपारच्या उन्हात हळदीची धूळ सगळ्यांच्या डोक्यावरून सावकाश खाली येत होती. स्पीकरवर गाणं बदललं, जलद झालं, पुन्हा बदललं. त्या मात्र तिच्याच तालावर नाचत राहिल्या, आणि माझ्या मुठीतलं ते इवलंसं यंत्र अजून कोमट होतं.