पोपटाचं नख आणि संत्र्याची कात्री

पोपटाने मला तीन वेळा चावलं आणि तिन्ही वेळा चूक माझी होती.

पोपट सुनेचा. राखाडी, डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. नाव बाळू. (माझ्या मुलाला वंदना इतक्या गोड आवाजात कधी हाक मारत नाही.) त्या दिवशी बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून ती नागपूरला गेली. जाताना बजावलं, "आई, बाळूची नखं वाढली आहेत. मी चारच्या गाडीने येते, मग डॉक्टरकडे नेऊ. तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात!

तीन वाजता त्याचं नख पिंजऱ्यावरच्या कापडात अडकलं. तो फडफडला. मी सोडवलं, पहिला चावा मिळाला. मग म्हटलं, यात काय कठीण आहे? चाळीस वर्षं सौंसरच्या बगीच्यांत संत्री तोडली. देठ बुडाशी कापायचा. राहिला तर शेजारच्या संत्र्याला टोचतो आणि अख्खं कॅरेट सडतं. माझ्याइतकं साफ कोणी कापत नाही, हे मी न विचारताही सांगते. आणली तीच कात्री!

शेजारच्या शांताबाईला बोलावलं. "धर वो याले."

"मी कोंबडी धरली हाय, पोपट नाई!"

"पंख दोघाइलेही असतात. धर!"

तिने पदरात धरून असा आवळला, जसं ओलं लुगडं पिळून राहिली. बाळूची चोच उघडली, डोळे मिटायला लागले.

"शांते, छाती दाबून राहिली तू! मरून जाईन तो!"

"सोडू का मंग?"

"सोडू नको! ढिला धर!"

तिने ढिला धरला, त्याने मान वळवली. चावला मलाच.

मी नख धरलं आणि हाताच्या सवयीने कापलं. अगदी बुडाशी. रक्त!

(पोपटाच्या नखात रक्ताची शीर असते. संत्र्याच्या देठात नसते.)

"माय वो! काय केलं हे?" शांताबाई किंचाळली. वाटीभर पाखरू, त्यात रक्त असणार तरी किती? मी हळदीचा डबा उपडा केला. बाळू पिवळा, मी पिवळी, शांताबाईला शिंका! तिसऱ्या शिंकेला पोपट सुटला आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन बसला. भिंतीवर थेंब, थेंब. शांताबाईने तेवढा पंखा बंद केला. आम्हा दोघींत मिळून त्या दिवशी एवढीच अक्कल निघाली.

गुरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"हळद पुरे. टॉवेलात सैल धरा, छाती मोकळी ठेवा. नखाच्या टोकावर चिमूटभर कणीक दाबून धरा."

"साहेब, चोचही जरा लांब दिसून राहिली..."

"आजी! कात्री खाली ठेवा!"

बाजरीचं कणीस दाखवून त्याला उतरवलं. टॉवेल, कणीक, तिसरा चावा. बोट त्याच्या चोचीत, नख माझ्या चिमटीत, दोघंही एकमेकांना सोडेनात. शेवटी रक्त थांबलं.

तेवढ्यात वंदना दारात. तिने पिवळ्या पोपटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कात्रीकडे.

"किती नखं कापली?"

"एकच."

"म्हणजे सात वाचली," ती म्हणाली. पुढे दोन दिवस तेवढंच बोलली.

डॉक्टरने तिला सगळं शिकवलं. आता ती महिन्यातून एकदा त्याच्या नखांचं नुसतं टोक छाटते. चोचीसाठी पिंजऱ्यात कडुलिंबाची काडी दिली आहे, ती तो कुरतडत बसतो. नखं कापताना बाळू पाय पुढे करतो, आवाज नाही. मग वंदना माझ्याकडे वळते, कारण माझे गुडघे वाकत नाहीत आणि पायाची नखं मलाही आहेत. तेव्हा माझी बोंब ऐकून भिंतीपलीकडून शांताबाई ओरडते, "वंदना! पोपटाले काय झालं वो?"