डावीकडचे तीन घोडेस्वार

माझ्या नजरेचा मला माज होता. आमच्या डेपोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंधेरीहून आरे कॉलनीत जाणाऱ्या रस्त्यावर समोरून दुधाचा टँकर आला, की बाकीचे ड्रायव्हर आधी ब्रेकवर पाय ठेवायचे. मी मात्र दोन गाड्यांच्या मध्ये किती वीत जागा उरणार ते आधीच सांगायचो, आणि तेवढीच उरायची. माझा कंडक्टर मालवणचा. तो मागून ओरडायचा, "अरे मेल्या, हळू घे, माका पोराबाळा आसत!" मी हसायचो. अंतर मला मोजावं लागत नसे, ते मला दिसायचं.

म्हणूनच तळमजल्यावरच्या माझ्या मित्राने मला त्याच्या लढायांत ओढलं. तो बँकेत कारकून, बिनलग्नाचा, आणि इतिहासाने झपाटलेला. त्याच्या बहिणीचा नवरा बोटीवर नोकरीला होता. त्याने विलायतेहून एक पातळसं पुस्तक आणून दिलं. शिशाचे बोटभर सैनिक मांडून जुन्या लढाया कशा खेळायच्या, त्याचे त्यात नियम होते. कोणी एका खेपेला किती इंच चालायचं, बाण कुठवर जाणार, फाशावर किती पडलं तर समोरचे किती मेले. पुस्तक वाचून आमचा कारकून वेडा झाला.

"पण हे त्यांच्या तिरंदाजांचे नियम आहेत रे," तो म्हणाला. "आपण वसईची लढाई करू. गोफण, तीरकमठे, तोड्याच्या बंदुका. नियम मी लिहितो. तू फक्त ते मोडून दाखव."

शिशाचे सैनिक अंधेरीत कुठून मिळणार? पोरं दिवाळीत किल्ला करतात, त्यावर ठेवायचे मातीचे मावळे त्याने दिवाळी उरकल्यावर पोतंभर उचलून आणले. पोर्तुगीज म्हणून वेगळे कोणी नव्हते. अर्ध्या मावळ्यांच्या पगड्या त्याने काळ्या शाईने रंगवल्या, झाले ते पोर्तुगीज. मिशा दोन्हीकडे सारख्याच. मापाला माझ्या बायकोच्या शिलाई मशीनवरची टेप, आणि फासे लुडोचे.

रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग टीव्हीवरच्या मालिकेपुढे हात जोडून बसलेली असायची. तेवढ्या वेळात आम्हाला कोणी हाक मारायचं नाही. आम्ही त्याच्या खोलीत जमिनीवर बसायचो. मी लाद्या मोजून अंतर काढतो असा त्याला संशय, म्हणून लाद्यांवर हिरवी चादर. बाण सोडायचा म्हणजे आधी नजरेनेच सांगायचं, तो काळ्या पगडीवाला किती इंचांवर आहे. सांगून झाल्यावरच टेप लावायची. अंदाज बरोबर तर फासा टाकायचा, चुकला तर बाण वाया.

सुरुवातीला मी त्याची पुरती वाट लावली. बावीस म्हटलं की बावीस. त्याचे पोर्तुगीज दुपारच्या आत समुद्रात.

"तुझ्या डोळ्यांपुढे नियमच टिकत नाही, यार," तो चिडायचा. "असले तिरंदाज असते तर वसई एका सकाळीत पडली असती."

मग तो नियम बदलायचा. पावसात बंदुकीचा पेटता तोडा विझतो, धनुष्याची दोरी सैल पडते, चालून आलेला दमलेला असतो. प्रत्येक बदलानंतर आम्ही तीच लढाई पुन्हा मांडायचो. मला कंटाळा यायचा, पण जिंकायला मजा यायची.

आणि मग माझे अंदाज चुकायला लागले. एकदम नाही. एखादा बाण दोन इंच अलीकडे, एखादा तीन. मी टेपला शिव्या घातल्या, चादरीला घातल्या. मित्र मात्र खूश. त्याला वाटलं, त्याने केलेली दुरुस्ती कामाला आली. "बघ, आता कसं खऱ्या लढाईसारखं झालं! निम्मे बाण वाया जायलाच हवेत." मीही मान डोलावली. नियम अवघड झाला म्हणून मी हरतोय, हे ऐकायला बरं वाटत होतं.

त्याच सुमारास आरेच्या एका वळणावर गाडीचा डावीकडचा आरसा फुटला. खाड् असा आवाज झाला. कंडक्टरने खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं. "झाडाक लागला," तो म्हणाला, "दुसरा काय नाय." मी पुढे गेलो. डेपोत आरसा बदलून दिला. इतक्या वर्षांत मी गाडी कुठे घासली नव्हती, म्हणून दिवसभर चरफडलो. बस, इतकंच.

त्यानंतरच्या रविवारी मित्राने नवा नियम आणला. तिरंदाजाला हवं ते निशाण निवडता येणार नाही, सर्वांत जवळच्या शत्रूवर आधी बाण. "अंगावर घोडा येत असताना कोणी लांबच्या सरदाराला मारत बसत नाही," तो म्हणाला. मला पटलं. माझे तिरंदाज माझ्या गुडघ्यांपुढे उभे होते. समोर उजवीकडे, उशीच्या टेकडीखाली, त्याचे बंदूकवाले. मी म्हणालो, "टेकडीखालचे. अठरा इंच."

"पायलट, नियम मोडू नकोस." मी बसवाला म्हणून तो मला पायलट म्हणायचा.

"कुठला नियम मोडला?"

"जवळचा शत्रू आधी."

"मग हाच की जवळचा."

तो हसला. मी चिडवतोय असं त्याला वाटलं. "आणि हे घोडदळ काय लग्नाला आलंय?"

"कुठलं घोडदळ?"

तो हसायचा थांबला. त्याने बोट दाखवलं. मी मान वळवून पाहिलं. माझ्या डाव्या गुडघ्याला जवळजवळ टेकून तीन घोडेस्वार उभे होते. एका घोड्याचा पुढचा पाय मोडलेला, त्याला काडी लावलेली. ती काडी मीच लावली होती.

"आत्ता ठेवलेस," मी म्हणालो.

"दोन खेपा झाल्या तिथे आहेत. तुझ्यासमोर चालवत आणले. इंच मोजून."

मी पुन्हा टेकडीकडे पाहिलं. घोडेस्वार गेले. अंधार नाही, धूसर नाही, काळं काही नाही. हिरवी चादर होती, सरळ, रिकामी, आणि तिच्यावर घोडे नव्हते. मान वळवली की होते. मी तीन-चारदा तसं केलं. मित्र माझ्याकडे बघत राहिला. बाजूच्या घरातून मालिकेतला शंखनाद ऐकू येत होता.

"हलू नकोस," तो म्हणाला. "समोर भिंतीवरच्या खिळ्याकडे बघ." एक मावळा उचलून तो माझ्या मागे गेला. "मी हा कानामागून पुढे आणतो. दिसला की सांग."

उजवीकडून आणला. खांद्याच्या जरा पुढे आला आणि मी म्हणालो, "दिसला." मग त्याने डावीकडून सुरू केलं. मी वाट पाहिली. त्याच्या शर्टाची बाही माझ्या कानाला लागली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मावळा काही दिसेना.

"आणतोयस ना?"

"आणतोय."

"आण ना मग!"

"अरे, आणतोय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

मावळा दिसला तेव्हा तो जवळजवळ माझ्या नाकासमोर होता. तलवार उगारलेला, एकदम हवेतून निघाल्यासारखा. मी दचकून मागे सरकलो आणि माझ्या हाताखाली माझेच दोन तिरंदाज चुरडले.

दारात माझी बायको उभी होती. ती ब्लाऊज शिवायची, टेप न्यायला खाली आली होती. तिने किती पाहिलं कोण जाणे. "भाऊजी, पुन्हा करा बघू," ती म्हणाली. मित्राने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिने पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "अहो, हे गाडीवरपण असंच होतं?"

मी तिच्यावर खेकसलो. डेपोत डोळे तपासतात, भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली होती, खेळातलं घोडं दिसलं नाही म्हणून माणूस आंधळा होतो काय, वगैरे. बोलता बोलताच मला कळत होतं, की ती अक्षरं समोर असतात. रस्ता काही नुसता समोर नसतो. आपल्याकडे बसचे थांबे डावीकडे. थांब्यावर उभी असलेली माणसं डावीकडे. सायकलवाले, शाळेची पोरं, म्हशी हाकणारे, सगळे डावीकडे. आणि मी त्या बाजूला काय बघत होतो? ही चादर?

नोकरीची भीती होतीच. ड्रायव्हिंगशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं आणि घर माझ्या पगारावर चालायचं. पण त्या घटकेला नोकरी मागे पडली. मला तो आरसा आठवला. खाड्. झाडाक लागला, दुसरा काय नाय. कंडक्टरने मागे पाहिलं होतं, पण तोवर गाडी वळणाच्या पुढे आली होती. त्याला तरी नीट काय दिसलं असणार?

"मला आरेला जायचंय," मी म्हणालो. "आत्ता."

बायकोने चादरीवरची टेप उचलून गळ्यात टाकली आणि माझ्याबरोबर निघाली. मी माझ्याच रूटच्या बसमध्ये पॅसेंजर म्हणून चढलो. ड्रायव्हर ओळखीचा, त्याने हात केला. मला हात वर करवेना. मी डावीकडच्या खिडकीशी बसलो आणि अख्खा रस्ता मान वळवून पाहत गेलो. किती माणसं होती त्या बाजूला! टोपली घेतलेल्या बायका, गवताचे भारे, रस्त्याच्या कडेने चालणारं जोडपं, खांद्यावर पोर घेतलेला एक माणूस. बसपासून इतक्या जवळ, की खिडकीतून हात काढला तर लागला असता. बायको माझा दंड धरून बसली होती. तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही.

वळणाच्या थोडं पुढे आम्ही उतरून मागे चालत आलो. रस्त्यावर काही डाग दिसतो का ते मी पाहत होतो, हे मला बायकोला सांगवलं नाही. तिकडच्या पाड्यातली एक म्हातारी बांबूच्या कुंपणाशी बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, इथे चारेक दिवसांत कुणाला लागलंय का? बसचा धक्का वगैरे?"

तिने मला खालीवर न्याहाळलं. "नाय बा," ती म्हणाली. "कुनाला लागलं?"

"कुणाला नाही. म्हणूनच विचारतोय."

तिला माझं डोकं फिरलंय असं वाटलं असणार. पण माझ्या जिवात जीव आला. बायको तर मटकन दगडावर बसली आणि रडायला लागली. मग मला झाड दिसलं. रस्त्याला अगदी खेटून, जाड खोडाचं. माझ्या डोक्याच्या वर सालीला ताजी पांढरी खोक पडली होती, तिच्यात आरशाची एक बारीक काच अजून रुतून होती. म्हणजे खरंच झाड. कंडक्टर खरं बोलला होता. मी पुढे होऊन खोक हाताने चाचपली. मला हसू येत होतं.

मग मी खाली पाहिलं. त्याच खोडावर, माझ्या कमरेच्या खाली, रस्त्याच्या बाजूने, कोळशाने तीन उभ्या रेघा काढल्या होत्या. स्टंप. समोर रस्त्याच्या कडेला टाच घासून घासून बॅट टेकवायचा खड्डा पडलेला. तिथे रोज कोणीतरी गाडीकडे पाठ करून उभं राहत होतं.

मी बायकोला ते दाखवलं नाही. चल म्हणालो, आणि आम्ही परत आलो.

सोमवारी मी गणवेश घालून डेपोत गेलो, पण गाडीकडे गेलो नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. वाटेत मी दहा तऱ्हांनी मांडणी केली होती, तब्येत बरी नाही, गावी जायचंय, चक्कर येते. तोंडातून सरळच निघालं. "साहेब, मला डाव्या बाजूचं दिसत नाही."

साहेब मस्करी समजले. मग माझा चेहरा पाहून पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

मग त्यांनी लगेच दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेलेली, उजव्यालाही नाकाकडच्या बाजूने सुरुवात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून टिकवायचं. साहेबांचा प्रश्न मी त्यांना विचारला, कधीपासून? ते म्हणाले, हा आजार चोरपावलांनी येतो, दुखत नाही, खुपत नाही. दोन वर्षं तरी असावीत, जास्तही असतील.

मला पुढे डेपोतच टाइमकीपरचं काम मिळालं, घर चाललं. मित्राने मावळे पोत्यात भरले आणि त्या खेळाचं नाव पुन्हा काढलं नाही. ते सगळं निभावलं. निभावत नाही ते एकच. एकटा बसलो की मी ती दोन वर्षं आठवायला लागतो. अंधेरी ते आरे, एकेक वळण. मला टँकर आठवतात, चढ आठवतो, झाडं आठवतात, समोरून येणारी माणसं चेहऱ्यानिशी आठवतात. डावीकडची कडही स्वच्छ आठवते. तिच्यावर कोणीच उभं नसतं.