सुनेचं लग्न

चितेगावच्या कंपनीच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसायचे. स्टोअरमध्ये कारकून होते आणि रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवायचे. त्यातली नाती त्यांना तोंडपाठ. "लाबान म्हंजी याकोबाचा मामा, अन् सासराबी तोच," असं ते डोळे मिटून, दमलेल्या आवाजात सांगायचे.

त्यांचा एकुलता मुलगा अपघातात गेला. दोन वर्षांनी त्यांनी सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं. मीही गेलो होतो.

सुनेला आईवडील नव्हते. चर्चच्या नोंदवहीत वडिलांच्या जागी ते सही करायला लागले, तेव्हा लग्न लावणारे पाळक हळूच म्हणाले, "तुम्ही सासरे ना?"

"रूथ नामीची सून होती, पाळकसाहेब. नवरा मेल्यावर तिनं बवाजाशी लग्न केलं. लेकरू झालं, तर गावातल्या बाया म्हणल्या, नामीला मुलगा झाला. रक्ताचं काय होतं तिथं?"

पाळकांनी वही पुढं सरकवली. काकांनी सावकाश सही केली.

जोडप्याची गाडी गेल्यावर ते खिसे चाचपू लागले. घराची किल्ली सुनेच्या पर्समध्येच राहिली होती.

"फोन करू का, काका?" मी विचारलं.

"नको. राहू दे तिच्याकडं," ते म्हणाले आणि चावीवाल्याला शोधायला निघाले.