शुक्रवारचं खोकं आणि नववा ग्रह

माझ्या मुलीच्या बालवाडीत एक रीत आहे. दर शुक्रवारी बाई कपाटातला एक खेळ एका मुलाच्या घरी देतात. शनिवार-रविवार घरच्यांनी मिळून खेळायचं आणि सोमवारी खोकं जसंच्या तसं परत आणायचं. त्यातली एक जरी वस्तू कमी भरली, तर त्या मुलाच्या घरी पुन्हा खोकं जात नाही. नियम कडक आहे, पण बाईंचंही बरोबर आहे. नाहीतर वर्षाअखेरीस कपाटात रिकामी खोकीच उरतील. पावसाळ्यात एका पोराच्या घरी फासा हरवला. तेव्हापासून शुक्रवारी खोकं दुसऱ्याच्या हातात गेलं की ते पोरगं दप्तर पोटाशी धरून खाली बघत बसतं, असं मुलगी घरी येऊन सांगायची. सांगून झालं की विचारायची, "माजी पाळी कवा येनार, आई?"

संक्रांतीनंतर तिची पाळी आली. खोकं तिच्यापेक्षा रुंद होतं, पण तिनं मला धरू दिलं नाही. रस्त्यानं दोनदा थांबून दम घेतला, तरी दिलं नाही.

आत काळा पुठ्ठा होता. मधोमध पिवळा सूर्य आणि त्याच्याभोवती गोल कडी. फासा टाकायचा, आपलं छोटं यान पुढं सरकवायचं, आणि एखाद्या ग्रहावर पोचलं की त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं. सांगितलं की त्या ग्रहाची तबकडी आपली. तबकड्यांवरची नावं इंग्रजीत होती, पण बाईंनी खाली चिठ्ठ्या चिकटवून मराठीत लिहिली होती, म्हणून मला वाचता आली. माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर म्हसवडकडचं, मेंढरांचं. दसरा झाला की कळपाबरोबर आम्ही बाहेर पडायचो, त्यामुळे कुठलंच पुस्तक शेवटच्या पानापर्यंत गेलं नाही. शुक्राची चांदणी मात्र मला पुस्तकाशिवाय ठाऊक होती. ती वर आली की वडील आम्हाला उठवायचे.

त्या संध्याकाळी माझं यान शुक्रावर आलं आणि मी हेच सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, ती चांदनी न्हाई, ग्रह हाय. पर चालंल." आणि तबकडी मला दिली.

मग माझ्या सासूबाई, म्हणजे आत्या, शनीवर पोचल्या. त्या जतकडच्या. त्यांनी हात मागं घेतला.

"मला नगं त्यो. पैसं टाकून घरात शनी आणत्यात व्हय कुणी?"

"आज्जे, बाईंनी फुकट दिलाय. आन त्याला कडं हाय, बघ की."

"कडं असू दे न्हाईतर साखळी."

पण त्यांचं लक्ष आता तबकड्यांकडं गेलं होतं. एकेक उचलून मला वाचायला लावल्या. मग म्हणाल्या, "चंद्र कुठाय? राहू-केतू कुठायत? देवळात नऊ दगड हायती, लग्न झाल्यापास्नं मी त्येंला फेऱ्या घालतीया. मला शिकवू नगासा. आन पृथ्वी कवापास्नं ग्रह झाली?"

"बाई म्हनत्यात ग्रह आठच," मुलगी म्हणाली.

मला आत्यांचं हसू आलं. तेवढ्यात मुलीचे वडील कामावरून आले. कुपवाडला पत्रा कापायच्या कारखान्यात ते मशीनवर असतात. दहावी झालेले आहेत, म्हणून मी त्यांना विचारलं. हात धुता धुताच त्यांनी घडाघडा म्हणायला सुरुवात केली, बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, आणि एकेका नावाला मी तबकडी बाजूला ठेवत गेले. नेपच्यून ठेवला आणि हात रिकामा झाला.

"प्लूटो?" ते म्हणाले.

"न्हाई."

"अगं, असणार. सूर्य सोडून नऊ ग्रह. मास्तरांनी छडी घिऊन पाठ करून घेतल्यात. हितं आठच हायत. एक पडला कुठंतरी."

आत्यांचे राहू-केतू मी हसण्यावारी नेले होते, पण शिकलेला माणूसही नऊच म्हणतोय म्हटल्यावर हसू कुठलं राहणार? मी गोधड्या झटकल्या. कॉट ओढून झाडलं. ज्वारीच्या डब्यामागं, मोरीत, चपलांत पाहिलं. दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन आले, कारण ती दोनदा थांबली होती ना खोकं घेऊन.

मुलगी माझ्या मागं मागं. "आठच हायत. बाई म्हनल्या आठ." रडायला लागली तरी तेच.

"बारकी पोरं मोजताना एक बोट दुमडून ठेवत्यात," तिचे वडील म्हणाले. कुणीच तिचं ऐकलं नाही. मीही नाही.

बालवाडीचा मोबाईलवर गट आहे. त्यात मी आजवर अंगठ्याशिवाय काही टाकलेलं नाही. 'बाई' एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एवढ्या आयांच्या समोर काय लिहायचं?

शनिवारी संध्याकाळी ह्यांनी खिशातून एक गोल काढून माझ्या हातावर ठेवला. भंगारातल्या पत्र्याचा, बरोबर तबकडीएवढा, कडा घासून मऊ केलेल्या.

"शेठ म्हणला, कसला वॉशर कापतोस रं? म्हटलं, प्लूटोचा."

मी कागदाचा तुकडा कापला, त्यावर नाव लिहिलं आणि भाताच्या शितानं चिकटवला. अक्षर बाईंच्यासारखं काढायला बघितलं, पण माझं अक्षर माझ्यासारखंच आलं.

"आता गपचिप आत टाक," हे म्हणाले. "बाई काय वजन करून घेनार हायत?"

"तसलं काय करू नगंस," आत्या आतून म्हणाल्या. "ग्रहाबरूबर लबाडी? त्यो उट्टं कुठं काढंल, कळनारबी न्हाई."

रविवारी कुणीच खेळलं नाही. मुलगी खोकं मांडीवर घेऊन बसली होती. मधेच म्हणाली, "आता मीबी दप्तर धरून बसायचं व्हय?"

त्या एका वाक्यानं माझं ठरलं. पत्रा गुपचूप टाकला आणि पुढं उघडं पडलं, तर तिची पाळी तर जाईलच, वर लबाडाची पोरगी म्हणतील. त्यापेक्षा आपणच सांगावं.

एरवी मी तिला फाटकाशी सोडून वळते. सोमवारी आत गेले. रस्ताभर एक वाक्य घोकलं होतं, ते बाई समोर आल्या आणि गेलं.

"बाई, एक... एक ग्रह हरवला."

बाईंनी खोकं उघडलं, तबकड्या लावल्या, मोजल्या. "कुठला हो?"

"शेवटचा." मी पत्रा पुढं केला. "घरच्यांनी हा करून दिलाय. पण खरा न्हाई त्यो."

बाईंनी तो उलटासुलटा केला, चिठ्ठी वाचली आणि तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मला आधी वाईट वाटलं, पण मग त्यांनी माझा हात धरला.

"अहो ताई, आता ग्रह आठच. तुमच्या मालकांच्या शाळेच्या वेळी नऊ धरायचे. पुढं शास्त्रज्ञांनी बसून ठरवलं, तो फार लहान आहे, त्याला बटुग्रह म्हणायचं. काहीसुद्धा हरवलेलं नाही."

"म्हणजे खोकं पुरं हाय?"

"पुरं आहे."

"सगळं?"

"सगळं, फाशासकट."

"मी सांगत हुते," मुलगी खालून म्हणाली.

पोरांची बुटकी लाल खुर्ची होती, तिच्यावरच बसले. बाईंनी पाणी दिलं. मी ते एका दमात प्याले आणि मग मलाही हसू आलं, आणि ते लवकर थांबेना.

पत्रा परत घ्यायला हात पुढं केला, तर बाई म्हणाल्या, "हा द्याल मला? पृथ्वीशेजारी ठेवायला चंद्र नाही आमच्याकडे. हा चमकतोय पण छान."

मी होय म्हटलं.

संध्याकाळी घरी सांगितलं, तर हे खरंच चिडले. "काढला? आम्ही छड्या खाल्ल्या त्याच्यापायी!" आत्यांना फक्त चंद्राचं ऐकू आलं. "बगा, माजा एक तरी बरूबर निघाला का न्हाई? राहू-केतूचंबी बघतीला हळूहळू."

मुलीचं नाव पाळीत तसंच आहे. पुढच्या वेळी प्राण्यांचं खोकं आणणार म्हणते. सध्या तिनं ओट्यावर खडूनं कडी काढलीत, ग्रहांच्या जागी ज्वारीचे दाणे ठेवते आणि मला मोजायला बसवते. मी मोजते. आठ भरतात. तिला बरं वाटावं म्हणून पुन्हा मोजते, तेव्हाही आठच.