मी ज्याला फिट म्हटलं

चौदा हजार फुटांवरच्या त्या पोस्टवर आम्ही अकरा जण होतो. मी हवालदार जगदीश भोईर, नर्सिंग असिस्टंट, राहणार चामटोली, बदलापूर. डॉक्टर खाली बटालियन हेडक्वार्टरला, पायी दोन दिवसांवर. वर औषधांची पेटी, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि मी.

त्या उंचीवर झोप पातळ असते. माणूस झोपतो आणि जागाही असतो. मला आमची भाताची खाचरं दिसायची. डोळे उघडले तरी थोडा वेळ ती बर्फावर तशीच राहायची, हिरवीगार. मग हळूहळू पांढरी व्हायची. हे मी फक्त नाईक दत्ता गोळेला सांगितलं होतं. तो हसला. "भोईर, त्यातलं एक खाचर माझ्या नावावर कर," म्हणाला.

दत्ता जावळीकडचा. बटालियनच्या क्रॉस-कंट्री टीममध्ये सगळ्यात पुढे पळणारा. पाण्याचा जेरीकॅन आणताना तो घसरला आणि त्याचा उजवा गुडघा मुरगळला. सूज आली. मी बँडेज बांधलं, विश्रांती दिली. सतराव्या दिवशी सूज पूर्ण उतरली होती. तो बंकरभोवती चार फेऱ्या मारून आला.

"दुखतंय?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी गस्तीची तुकडी जायची होती. माणसं कमी होती. डॉक्टरसाहेबांनी रेडिओवर विचारलं, "गोळे का घुटना कैसा है? ओव्हर."

"दर्द नहीं है साब. चल रहा है. फिट. ओव्हर."

सकाळी सहा चाळीसला आम्ही सहा जण निघालो. ऊन इतकं स्वच्छ होतं की समोरचा डोंगर हात लावण्याएवढा जवळ वाटत होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी परतीच्या उतारावर दत्ता माझ्यापुढे चार पावलं होता. रोजची वाट होती, म्हणून तेवढ्या तुकड्यात आम्ही दोर बांधत नसू. त्याने उजवा पाय टाकला, अंग वळवलं आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. एवढंच मला दिसलं. तो ओरडला नाही. बर्फात पडणाऱ्या माणसाचा आवाज होत नाही. पुढे वाट रिकामी होती आणि ऊन तसंच पडलेलं होतं.

सव्वा वाजता तो खालच्या नाल्यात सापडला. गेला होता.

चौकशी झाली. पाय घसरून अपघात, असं लिहिलं गेलं. गुडघ्याबद्दल मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तीन वर्षांनी माझी ड्यूटी एका स्पोर्ट्स टीमबरोबर लागली. तिथल्या फिजिओथेरपिस्टने एका धावपटूला एका पायावर उडी मारायला लावली. मग दुसऱ्या पायावर. दोन्ही अंतरं टेपने मोजली. मुलगा म्हणत होता, सर, अजिबात दुखत नाही. फिजिओ म्हणाले, "दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला असं नाही." मी हातात टेप धरून उभा होतो. त्यापुढे ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी मी पेन्शनवर आलो. भाऊ म्हणाला, सिक्युरिटीत लाग, आपले सगळे तिथेच आहेत. मी स्पोर्ट्स रिहॅबच्या कोर्सला नाव घातलं. वर्गातली मुलं मला काका म्हणायची. स्नायूंची नावं पाठ होता होत नसत. दुपारी अंबरनाथला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या क्लिनिकमध्ये हाताखाली काम करायचो. त्यांनीच पुढे मला बदलापुरातच, बेलवलीत एक खोली लावून दिली आणि पेशंट पाठवू लागल्या. व्यायामाचे पट्टे मी उल्हासनगरला जीन्स शिवणाऱ्या एका सिंधी शेठकडून शिवून घेतले. "फौजी के लिए डबल सिलाई, साईं," तो म्हणाला. ते पट्टे अजून उसवलेले नाहीत.

सकाळी सातला खोली उघडतो. हिवाळ्यात नदीवरचं धुकं खिडकीपर्यंत येतं. पोरंपोरी त्यातूनच चालत येतात, आधी नुसत्या आकृत्या, मग चेहरे. कुणाचा खांदा, कुणाचा घोटा. त्या धुक्यातच एक दिवस मनीषा आली. बारवीकडच्या वाडीतली, एकोणीस वर्षांची, कबड्डीत चढाई करणारी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आठ महिने तिने एक दिवस चुकवला नाही.

मग जिल्हा संघाची निवड आली. रविवारी. त्या आधीच्या गुरुवारी मी तिला उडी मारायला लावली. ऑपरेशनचा पाय दुसऱ्यापेक्षा एक वीत मागे पडला.

"नाही," मी म्हणालो.

तिचे वडील जंगलखात्याच्या कामावर जाणारे, सुट्टी टाकून आले होते. "आवं दादा, तिला दुखत नाय आता. मंग खेलू द्या ना. संघात आली तं पुढं नोकरीचं बघता येल."

"दुखत नाही हे खरं आहे. पण पाय अजून तयार नाही."

"एक वीत, सर," मनीषा म्हणाली. "एवढ्यासाठी?"

मग मी त्यांना दत्ताचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही परक्या माणसांना. रेडिओवर मी काय बोललो तेही. वडील खाली बघत राहिले. मनीषा माझ्याकडे बघत होती.

"सर, त्यांच्या घरी म्हाईत हाय का?"

मी टेप गुंडाळू लागलो. ती उठली आणि बापाबरोबर निघून गेली. रविवार गेला. ती निवडीला गेली नाही, पण माझ्याकडेही आली नाही. नऊ दिवस मी पट्टे टांगायचो आणि काढायचो. पोरगी खेळ सोडणार, असं मी धरून चाललो होतो.

दहाव्या दिवशी ती दारात उभी होती. चपला काढता काढता तिने विचारलं, "गेले होते का तुम्ही त्यांच्या घरी?"

"नाही."

"मी आले ना परत," ती म्हणाली आणि चटईवर बसली.

तिचं आधी सांगून टाकतो. चार महिन्यांनी दोन्ही पायांची उडी सारखी पडली. पुढच्या मोसमात ती जिल्ह्याकडून खेळली. पहिल्या चढाईला मी डोळे मिटून घेतले होते, निकाल मला तिच्या वडिलांनी सांगितला.

ती परत आली त्याच आठवड्यात मी जावळीला गेलो. सुनंदावहिनी, दत्ताची बायको, अंगणवाडीत काम करतात. ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी वेळ आणि तारखेसकट सगळं सांगितलं. मी त्याला फिट म्हटलं, तेव्हा गुडघा नीट तपासला नव्हता, असं शेवटी म्हणालो.

समोर डोंगरावरून ढग खाली सरकत होता.

"त्यांनी मला पोस्टवरच्या सॅटेलाइट फोनवरून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "उतारावर गुडघा सटकतो म्हणाले. तुम्हाला कळलं तर खाली पाठवाल, म्हणून कुणाला बोलू नको म्हणाले. मी नाही बोलले, भाऊजी. दहा वर्षं झाली, सासूबाईंनासुद्धा नाही."

ढग अंगणात आला. समोरचा आंबा दिसेनासा झाला. मग त्याच आपणहून सांगू लागल्या. हळदीच्या दिवशी नवरा गायब झाला होता. सगळे शोधायला निघाले. हा शेजारच्या गावात शर्यत पळत होता. संध्याकाळी घामाने हळद ओघळलेल्या अंगाने आला, डोक्यावर जिंकलेला स्टीलचा हंडा. आई मारायला धावली, तर तिच्याही पुढे पळाला.

वहिनी हसत होत्या. मीही हसलो. नाईक दत्ता गोळे गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. मी निघायला उठलो, पण त्यांचं त्याच्याबद्दल अजून सांगून झालं नव्हतं, म्हणून परत बसलो.